उसवण

अॅक्रिलिकचा तुकडा हवा लागू न देता साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तर त्याचा कोळसा होत नाही. त्याची वाफ होते. ती थंड केली की हाती येतो पातळ, उग्र वासाचा द्रव, मिथाइल मेथाक्रिलेट. ज्याच्यापासून अॅक्रिलिक बनलं होतं, तोच. शंभरातले नव्वदहून अधिक भाग असे परत मिळू शकतात. दुकानांच्या पाट्या, सत्कारात मिळणारी आणि घरी आल्यावर जागा न सापडणारी सन्मानचिन्हं, सगळ्यांना ही परतीची वाट मोकळी आहे. आपल्याकडे भंगारातल्या अॅक्रिलिकवर हा धंदा चालतोही: वितळलेल्या शिशावर तुकडे टाकायचे आणि वाफ धरायची. शिशाचा विषारी गाळ मागे राहतो, तो भाग वेगळा.

पॉलिथिनला हे जमत नाही. त्याची साखळी तापली की कुठेही तुटते, लहानमोठे तुकडे पडतात, आणि मूळचं इथिलीन त्यात जेमतेम सापडतं. मेथाक्रिलेटची साखळी एकदा तुटली, की विणलेला स्वेटर एका टोकाने उसवत जावा तशी कडीमागून कडी सोडत जाते.

या सुटण्यामागे दाटी आहे. साखळीतल्या एकाआड एक कार्बनवर मिथाइल आणि एस्टर असे दोन गट अंग चोरून बसलेले असतात. त्यामुळे कड्या जुळताना ऊर्जा कमी बाहेर पडते, आणि त्या सोडवायलाही कमीच लागते. शिवाय तुटक्या टोकाने ओढून घ्यावा असा सैल हायड्रोजन त्या कार्बनवर नाही. मिथाइल काढून तिथे हायड्रोजन बसवा, झालं अॅक्रिलेट. ते तापवलं की मूळ द्रव फारसा मिळत नाही. साखळीचे तुकडे, मिथेनॉल, कार्बन डायऑक्साइड अशी सरमिसळ हाती येते. आणि मिथाइल एस्टरच्या जागी टर्शरी ब्यूटाइल एस्टर असेल, तर कणा तसाच राहून बाजूचा गट आधी आयसोब्यूटिलीन होऊन उडून जातो. एवढ्याशा फरकाने सारा शेवट बदलतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पण या परतण्याचं कौतुक करताना मला समरलँड आठवतं. आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लसमधलं हे मोठं करमणूक केंद्र. त्याच्या दर्शनी भिंतीचा आणि छताचा बराच भाग पारदर्शक अॅक्रिलिकचा होता. 2 ऑगस्ट 1973 च्या संध्याकाळी बाहेरच्या एका टपरीत लागलेली आग आत शिरली आणि अॅक्रिलिकपर्यंत पोचली. 50 माणसं गेली. दोष एकट्या अॅक्रिलिकचा नव्हता. बाहेर पडायची काही दारं कुलूपबंद होती. तरी आगीला जे मिळालं ते हेच: कोळशाचा थर मागे ठेवून स्वतःला झाकून न घेणारं, तापताच जवळजवळ सगळं वाफ होणारं इंधन. शिशाच्या कढईवरची वाफ थंड नळीत जाते आणि पुन्हा पाटी होते. डग्लसमध्ये तिला नळी नव्हती, हवा होती.