पात्याची धार आणि घुशीचं बीळ

आमच्या गावच्या बस्तीमागं, म्हणजे जैन मंदिरामागं, हिरवळीचा एक तुकडा आहे. चातुर्मासात मुनीमहाराज मुक्कामाला असले की प्रवचन ऐकायला माणसं तिथंच बसतात. ती हिरवळ कापायचं काम माझ्याकडं आहे. वारणाकाठची काळी जमीन आणि कुंपणाला लागून उसाचे फड, त्यामुळं घुशी येणारच. रात्रीतून त्या मातीचे ढीग वर टाकतात. गवत कापायच्या मशीनचं पातं अशा ढिगात घुसलं की खड्यांना, विटांच्या तुकड्यांना घासून धार जाते. पातं वाकलं तर मशीन थरथरतं आणि पुढं बेअरिंगचंही काम निघतं. मग कुणीतरी म्हणतंच, औषध टाका, दोन रात्रींत मोकळे व्हाल. औषध म्हणजे झिंक फॉस्फाईड घातलेलं आमिष. ते पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो आणि जीव तडफडून जातो.

सांगली-कोल्हापूरकडचे आम्ही जैन बहुतेक शेतकरी. नांगर धरणाऱ्याला पूर्ण अहिंसा पाळता येत नाही, हे आमच्या शास्त्रकारांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गृहस्थासाठी हिंसेचे चार भाग केले. स्वयंपाक, झाडलोट, घरबांधणी यांत होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःचं, आपल्या माणसांचं रक्षण करताना होते ती विरोधी. आणि मारायचं ठरवून मारणं ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पुरत्या टाळता येत नाहीत, त्या त्यानं कमी करत जायच्या. संकल्पी मात्र सोडायचीच. गवत हाही एकेंद्रिय जीव आहे आणि तो मी कापतो, ते ओझं मी नाकारत नाही. घूस पंचेंद्रिय आहे. तिला भीती कळते, पिलं कळतात.

काही जण घुशीला विरोधी हिंसेत बसवतात. नुकसान करते, म्हणजे शत्रूच की! मला हे पटत नाही. घूस बीळ करते ती पोटासाठी आणि पिलांसाठी, आपल्याशी तिचं वैर नाही. आमिष कालवताना हात थरथरत नाही, कारण मरण आपल्यासमोर होत नाही. पण ठरवून केलेलं काम दृष्टीआड झालं म्हणून संकल्पी राहत नाही, असं थोडंच आहे?

माझी मुलगी साताऱ्याला कॉलेजात शिकवते. मी कापणीआधी हिरवळीवरून चालत ढीग शोधतो, हे बघून तिनं एकदा विचारलं, ‘‘आप्पा, तुम्ही हे पात्यासाठी करता. घूस वाचते ती ओघानं. मग ह्यात अहिंसा कुठं आली?’’ प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर मी आमच्या शास्त्रांत, उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आणि अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात शोधलं. उमास्वाती हिंसेच्या व्याख्येत जीव जाण्याच्या आधी प्रमाद धरतात, म्हणजे बेसावधपणा, कषायांच्या, म्हणजे क्रोध-लोभासारख्या विकारांच्या, तंद्रीत वागणं. अमृतचंद्र त्याही पुढं जातात. मनात राग, द्वेष उठला की समोरचा जीव मरो न मरो, हिंसा झालीच. आणि जपून वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला, तर निव्वळ तेवढ्यानं ती हिंसा ठरत नाही.

यावरून मला एक गोष्ट उमगली. हिरवळ कापताना घुशीला पात्यापासून फारसा धोका नसतो, ती जमिनीखाली असते. तिला धोका असतो तो पातं वाकल्यावर माझ्या डोक्यात शिरणाऱ्या संतापापासून. औषधाची पुडी आणली जाते ती त्या संतापात. म्हणून पातं जपणं हे काटकसरीपुरतं नाही, क्रोधाचं निमित्तच उगवू न देणं आहे. मुलीला मी हेच सांगितलं. मुनींना ईर्यासमिती सांगितली आहे, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं. ज्ञानेश्वर महाराजांनीही ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना पाऊल हळुवार टाकणाऱ्या माणसाचं वर्णन केलं आहे. मशीन धरणाऱ्याला तर हे जास्तच लागू, कारण पातं स्वतः काही पाहत नाही.

म्हणून मी आधी सगळी हिरवळ चालून बघतो. ढिगाची माती ओली, भुसभुशीत असली तर बीळ नांदतं आहे. तिथली माती दाताळ्यानं हलकेच पसरून खडे वेचायचे, त्या जागेवरून चाक न्यायचं नाही. पाणी दिल्यावर लगेच कापायचं नाही. पातं चार बोटं वर ठेवायचं. त्यानं गवताची मुळंही टिकतात आणि बेडूक, सापसुरळी यांना निसटायला जागा मिळते. उन्हाळ्यात उघड्या जागी टिटवीची अंडी असतात, तो कोपरा सोडून द्यायचा. आणि बस्तीतल्या पूजेच्या अक्षता रोज झाडून घ्यायच्या. सांडलेल्या तांदळानं घुशींना आपणच बोलावतो आणि मग त्यांनाच विष घालतो, हे बरं नव्हे.

असं जपून वागण्याचा विषय निघाला की मला दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर आठवतात. ते मूळ भोज गावचे, शेतकरी पाटील घराण्यातले. 1924 साली आमच्या समडोळीत त्यांना आचार्यपद मिळालं. तरुणपणी ते शेतातली पाखरं हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. ती उंची सर्वांना गाठता येणार नाही. पण दिशा कळते.

उसाच्या बांधावर प्रश्न जास्त अवघड होतो. बिळातून पाटाचं पाणी फुटतं, ऊस कुरतडला जातो. तिथं घुबडांना बसायला मी मचाणं उभी केली आहेत. घुबड उंदीर-घुशी खातं, हे मला माहीत आहे. आमच्याकडं पाप केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं असं तिन्ही अंगांनी मोजतात. मग मचाण उभं करणं हे करवणंच झालं का? मी ते निर्दोष मानत नाही. तरी फरक आहे. घुबड भुकेपुरतं मारतं आणि घुशीला पळायची संधी असते. विष सरसकट मारतं, आणि विषानं मेलेली घूस खाणारं घुबडही त्यात सापडू शकतं. दोन हिंसांतली कमी निवडणं हे शेतकऱ्याच्या वाट्याला आलेलं आहे. मात्र कमी हिंसेला अहिंसा म्हणायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा ठेवला पाहिजे.

बस्तीत मात्र तेवढीही सक्ती नाही. तिथं ना पीक आहे, ना पोटाचा सवाल. म्हणून कमिटीच्या बैठकीत मी सांगितलं आहे: औषधाचा विषय बंद करा, हिरवळीच्या कडेनं हात-दीड हात खोल तारेची जाळी पुरा. जाळी पुरताना आतली बिळं सोडून जायला घुशींना एक बाजू मोकळी ठेवा. खर्च जास्त होईल. त्याची पहिली वर्गणी माझी. ज्या जागी बसून आपण जीवदया ऐकतो, तिथली हिरवळ एखादा जीव ठरवून मारून सपाट राखलेली नसावी.