वायर किती रुपयांची असावी?

संगीत ऐकण्याच्या साखळीत प्रत्येक वस्तू काहीतरी करते. माइक हवेतल्या कंपनांची वीज करतो, ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकर तिची पुन्हा कंपनं करतो. वायरीकडून मात्र आपली अपेक्षा उलटी असते. एका टोकाला जे दिलं ते दुसऱ्या टोकाला जसंच्या तसं मिळावं, तिनं त्यात स्वतःचं काही घालू नये की काही काढून घेऊ नये. मग अशा वस्तूची किंमत ठरवायची कशी? पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्पीकरची वायर मीटरवर मोजून मिळते. हाय-फायच्या दालनात तेवढ्याच लांबीच्या वायरीला लाखांतली किंमत सांगितली जाते. बहुतेक वेळा दोन्हींच्या आत तांबंच असतं. प्रश्न वरवर पैशांचा दिसतो, पण आपण आपल्या कानावर किती आणि कधी विश्वास ठेवायचा, हे त्याच्या मुळाशी आहे. म्हणून गाण्यावर जीव असणाऱ्या प्रत्येकानं तो नीट सोडवायला हवा.

आधी हिशेब मांडू, कारण तो शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचा नाही. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतच्या वायरीत सगळ्यात महत्त्वाचा असतो तिचा विद्युतरोध. घरगुती स्पीकर साधारणपणे ८ किंवा ४ ओहमचे असतात. वायरीचा रोध त्याच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला तर काळजी नको, हा भरवशाचा ठोकताळा आहे. इलेक्ट्रिशियन जिला ‘अडीच एमएम’ म्हणतो ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबं होतं आणि त्याचा रोध भरतो सुमारे ०.१४ ओहम. ८ ओहमच्या तुलनेत हे दोन टक्केही होत नाहीत, ४ ओहमच्या तुलनेत साडेतीन टक्के होतात. तेच अंतर पाऊण एमएमच्या बारीक वायरीनं काटलं, तर रोध ०.४६ ओहमवर जातो. ४ ओहमच्या स्पीकरसाठी हे अकरा टक्क्यांहून जास्त झालं. स्पीकरचा स्वतःचा रोध सगळ्या कंप्रतांना सारखा नसल्यामुळे अशा वायरीत काही सूर जास्त दबतात, काही कमी. म्हणजे वायरीनं आवाज बदलतो हे म्हणणं खोटं नाही. फक्त त्यावरचा इलाज आहे जाड वायर, आणि जाड वायर महाग असावीच लागते असं नाही.

चांदीचंही गणित असंच सुटतं. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, पण फरक सुमारे पाच टक्क्यांचा. तीन मीटरच्या तांब्याच्या वायरीतून सोळा सेंटीमीटर कापून टाकले, तरी रोध तेवढाच कमी होतो. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत वाहतो, म्हणून खास विणीची वायर हवी, असंही सांगितलं जातं. हा परिणाम खरा आहे आणि रेडिओ लहरींच्या कामात तो फार महत्त्वाचा ठरतो. पण माणसाला ऐकू येण्याच्या वरच्या टोकाला, २० हजार हर्ट्झलाही, प्रवाह तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत शिरलेला असतो. घरातल्या काही मीटरच्या वायरीचा मुळातच नगण्य असलेला रोध त्यामुळे किंचित वाढतो, इतकंच.

मग वायरीचा दर्जा कुठे महत्त्वाचा? जिथे विजेचा संकेत दुबळा आणि वाट लांबची, तिथे. मैफल हे त्याचं उत्तम उदाहरण. माइकमधून निघणारी वीज जेमतेम काही मिलिव्होल्टची असते. रंगमंचापासून प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला असलेल्या मिक्सरपर्यंत ती तीस-चाळीस मीटर जाते, आणि वाटेत दिव्यांच्या वायरी शेजारून धावत असतात. म्हणून माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये संकेतासाठी दोन तारा असतात. मिक्सर या दोन तारांमधला फरक तेवढा उचलतो. बाहेरून आलेला गोंगाट दोन्हींत सारखाच शिरतो, त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. तारांचा पीळ जितका एकसारखा आणि वरची जाळी जितकी दाट, तितकी ही वजाबाकी चोख. इथे चांगल्या केबलला जास्त पैसे मोजणं पूर्णपणे रास्त आहे.

हे जमलं नाही तर काय होतं, ते तंबोऱ्याजवळ बसून ऐकावं. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३१ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात, म्हणजे ९८ हर्ट्झच्या आसपास लागलेली असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्पीकरमध्ये शिरणाऱ्या घुरघुरीत तिची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, बहुधा ठळक असते. ती घुरघुर पंचमाच्या अगदी शेजारी, किंचित चढी लागते आणि दोघांच्या झटापटीतून सेकंदाला सुमारे दोन हेलकावे उठतात. जवारी साधून, धाग्याची जागा तिळातिळानं सरकवून मिळवलेला पंचम डळमळतो. श्रोत्याला कारण कळत नाही, पण आज गाणं लागत नाही असं वाटत राहतं. आपल्या संगीतात स्वर आधी तंबोऱ्यात बसावा लागतो आणि मग गळ्यात. वायरीचा विचार मी गांभीर्यानं करतो तो यासाठी.

पण घुरघुरीचं दुसरंही एक कारण असतं, आणि ते कितीही महाग केबल घेतली तरी जात नाही. दोन उपकरणं वेगवेगळ्या प्लगमधून वीज घेतात, दोन्हींची अर्थिंग केबलच्या जाळीतून जोडली जाते आणि एक वेटोळं तयार होतं. सगळी उपकरणं एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं पाहणं, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणं, हा त्यावरचा मार्ग. अर्थिंगची पिन काढून घुरघुर थांबवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यात माइक हातात धरणाऱ्याच्या जिवाला धोका असतो, म्हणून तो कधीही करू नये.

दुबळ्या संकेताची उदाहरणं घरातही सापडतात. इलेक्ट्रिक गिटारच्या केबलमध्ये दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धारकता असते, आणि लांबी वाढली की वरच्या पट्टीतली चमक खरोखर कमी होते. एलपी वाजवणाऱ्या टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजलाही केबलची धारकता जाणवते. इथे वायर आपला रंग चढवते, आणि तो साध्या मीटरवर मोजता येतो. याउलट एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलमधून फक्त अंक जातात. ते पोचले तर पूर्ण पोचतात, नाही पोचले तर आवाज तुटतो. अशा केबलमुळे सतार जास्त गोड होते हा दावा टिकणारा नाही.

आता स्वस्तातल्या फसवणुकीबद्दलही तितकंच स्पष्ट बोललं पाहिजे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच असतो, आणि वारंवार वाकवलं की त्याचे तंतू तुटतात. वायर विकत घेण्याआधी एक तंतू पात्यानं खरवडून पाहावा. बाहेर तांबूस आणि आत पांढरा निघाला, तर ती मुलाम्याची वायर. बाहेर पांढरा आणि आत तांबूस निघाला, तर ते कथील चढवलेलं खरं तांबं. ते गंजत नाही आणि चांगलं टिकतं.

तशीच परीक्षा पिनेची. रोजच्या वापरातली केबल मधोमध क्वचितच तुटते, ती तुटते पिनेच्या मानेशी. चांगल्या एक्सएलआर पिनेचं मागचं टोक फिरवलं की ती उघडते. आत तीन छोट्या वाट्यांत तीन तारा डाग देऊन बसवलेल्या दिसतात: पहिलीत जाळी, दुसरी-तिसरीत संकेताच्या दोन तारा. मागची पकड केबलचं बाहेरचं आवरण घट्ट धरते, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येते. अशी केबल बिघडली तर शंभर कार्यक्रमांनंतरही दोन इंच कापून पुन्हा डाग देता येतो. प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेली पिन उघडतच नाही, बिघडली की अख्खी केबल कचऱ्यात जाते. लिख्टेनश्टाइनच्या न्यूट्रिकच्या पिना आणि जपानच्या कॅनारे, मोगामी या कंपन्यांच्या केबल ध्वनिव्यवस्थेचं काम करणाऱ्यांच्या पेट्यांत दिसतात, त्या या टिकाऊपणासाठी आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी. त्यांचे पैसे योग्य कारणासाठी जातात.

राहतो तो सर्वांत नाजूक प्रश्न. लाखांची वायर लावल्यावर गाणं उमलून आल्याचा अनुभव सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना तसं ऐकू येतं. आपण फक्त कानांनी ऐकत नाही. अपेक्षा, आठवण, केलेला खर्च, समोर दिसणारी वस्तू, हे सगळं त्या ऐकण्यात मिसळतं. आवाज एखाद्या अंशानं मोठा झाला तरी तो आपल्याला जास्त चांगला वाटतो. म्हणूनच ध्वनीच्या अभ्यासकांनी डोळ्याआड ऐकण्याची पद्धत काढली. बेल प्रयोगशाळेच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये तिचा पाया घातला. दोन्ही वायरींवरच्या आवाजाची पातळी सारखी करायची, कोणती वायर लावली आहे ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि ओळखायला सांगायचं. सोळापैकी बारा वेळा अचूक ओळखलं, तर ते केवळ नशिबानं घडण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते. २००७ मध्ये अमेरिकेत अचाट दाव्यांची पडताळणी करणारे जादूगार जेम्स रँडी यांनी काही हजार डॉलरची स्पीकर केबल अशा चाचणीत ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. बोलणी झाली, पण चाचणी प्रत्यक्षात कधी झालीच नाही.

अशी चाचणी म्हणजे रसिकतेचा अपमान, असं काहींना वाटतं. मला ती रसिकतेची कसोटी वाटते. आपल्या तालमीत गुरू शिष्याला समोर बसवून एकच स्वर पुन्हा पुन्हा लावायला लावतो आणि तो लागला की नाही हे कानच ठरवतो. तिथे घराण्याचं नाव कामी येत नाही. ज्या संस्कृतीनं कानाला एवढा अधिकार दिला, तिच्या श्रोत्यानं किमतीच्या चिठ्ठीला तो अधिकार बहाल करू नये. आणि जे डोळ्याआड ओळखता येत नाही त्यावर पैसे खर्च करणं म्हणजे दुसरीकडे हात आखडता घेणं. घरात आवाजाचं रूप सर्वांत जास्त बदलतं ते स्पीकरमुळे आणि खोलीमुळे. उघड्या भिंतींवर जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले स्पीकर, यांनी जे साधतं ते कुठल्याही वायरीनं साधत नाही.

म्हणून माझं मत साधं आहे. जे दाखवता येतं त्याचे पैसे आनंदानं द्यावेत: तांब्याची जाडी, जाळीची दाटी, उघडणारी पिन, डागाची सफाई. दुकानात गेल्यावर विचारावं की ही किती एमएमची, तांबं शुद्ध का, मीटरमागे रोध किती, धारकता किती. उत्तर आकड्यात मिळालं तर घासाघीस न करता घ्यावी. उत्तरादाखल विशेषणंच ऐकू आली तर नमस्कार करून निघावं, आणि वाचलेल्या पैशांतून एखाद्या नव्या गायकाच्या मैफलीचं तिकीट काढावं. आपल्या पैशांवर पहिला हक्क गाणाऱ्याचा आहे.