निरपराध नायकाचा हट्ट

१९५१ साली पडद्यावर आलेल्या ‘बाजी’ने हिंदी चित्रपटात शहरी, काळोख्या गुन्हेकथांचा पायंडा पाडला असे मानतात, आणि त्या चित्रपटाविरुद्ध तक्रार घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही ही मान्यता नाकारता येत नाही. पुण्याच्या ‘प्रभात’ चित्रसंस्थेत उमेदवारी करीत असताना धोब्याने केलेल्या सदऱ्यांच्या अदलाबदलीतून ज्यांची ओळख झाली, त्या देव आनंद आणि गुरुदत्त यांनी एकमेकांना संधी देण्याचा परस्परांना दिलेला शब्द या चित्रपटाने खरा केला, देव आनंद यांच्या ‘नवकेतन’ने तो काढला, गुरुदत्त यांनी तो दिग्दर्शक म्हणून पहिल्यानेच हाताळला, आणि पटकथा बलराज साहनी यांनी लिहिली. क्लबाचा मालक स्वतः अंधारात राहून समोरच्यावर हुकमत चालवतो, किंवा नृत्यगृहातल्या गीतात, तेव्हा केवळ सहायक छायालेखक असलेल्या व्ही. के. मूर्ती यांच्या हिकमतीने, कॅमेरा आरशातले प्रतिबिंब टिपून मग खऱ्या माणसांकडे वळतो, तेव्हा इथे माणसाची एकाहून अधिक रूपे दाखवली जातील अशी प्रेक्षकाची रास्त अपेक्षा होते.

ती अपेक्षा कथानक पुरी करीत नाही. आजारी बहिणीच्या उपचारांसाठी नायक मदन क्लबाची चाकरी पत्करतो, सावजांना जुगाराच्या नादी लावतो, येथवर गोष्ट खरी वाटते. परंतु क्लबातली नर्तकी गोळीला बळी पडून तिच्या खुनाचा आळ मदनवर येताच चित्रपटाचे सारे चित्त त्याने न केलेल्या अपराधावर खिळते, आणि त्याने जे प्रत्यक्ष केले ते दप्तरातल्या जुन्या कागदासारखे मागे पडते. खरा गुन्हेगार म्हणजे डॉक्टर नायिकेचा प्रतिष्ठित पिता असे निष्पन्न होते, फाशी टळते, आणि त्याबरोबर नायकाच्या अंतःकरणाची झडतीही जवळजवळ टळते.

या निराशेचे मोल समजण्यासाठी त्या काळच्या दिल्लीत, विशेषतः करोल बागेत, डोकावले पाहिजे. कनॉट प्लेस उभारताना उठवलेल्या माधोगंज, जयसिंगपुरा आदी वस्त्यांतील लोक जेथे आणून वसवले गेले, आणि हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते जेथे झाले, त्याच वस्तीतून १९४७च्या फाळणीच्या दंगलींत पुष्कळ मुसलमान कुटुंबांना परागंदा व्हावे लागले, आणि पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे तेथे येऊन राहिली. १९४१ साली सुमारे ९ लाख १८ हजार असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ साली १७ लाख ४४ हजारांवर गेली, यात या स्थलांतराचा वाटा मोठा होता. पलीकडे राहिलेल्या घराबद्दल सरकारदरबारी दावा दाखल करणारा माणूस, इकडे दुसऱ्याच कोणाच्या जप्त मालमत्तेत चूल मांडून बसला आहे. त्याने कोणाचा गळा कापलेला नाही, कायद्याने त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही, आणि तरीही कोनाड्यात राहून गेलेली परक्याची एखादी वस्तू हाती लागली म्हणजे तिचे काय करावे हे त्याला सुचत नाही. अपराध नसताना उरणारी ही टोचणी म्हणजेच गुन्हेकथेचे अस्सल द्रव्य. आणि लाहोरात शिकलेले देव आनंद, रावळपिंडीचे साहनी, लाहोर सोडून आलेले गीतकार साहिर यांना ते ऐकून माहीत करून घ्यावे लागत होते असे मुळीच नाही.

होरपळून आलेल्या प्रेक्षकाला दिलासाच हवा होता, आणि गुन्हेगाराचा विजय दाखवण्यास सेन्सॉरची मनाई होती, असा बचाव यावर केला जातो. परंतु अमेरिकेतही निर्मात्यांच्या आचारसंहितेने गुन्हेगाराला शासन होणे सक्तीचे केले होते. तिच्या अमलातच बिली वाइल्डर यांनी १९४४ साली ‘डबल इन्डेम्निटी’ काढला, ज्यात विमा कंपनीचा खुनी एजंट स्वतःच्या तोंडाने कबुलीजबाब नोंदवतो, कायद्याचा मान राहतो, आणि तरी त्याच्या लोभात आपलाही अंश आहे ही जाणीव प्रेक्षकाला सोडत नाही. आपल्याकडे अडसर ठरला तो नायक निष्कलंकच राहिला पाहिजे हा आपला हट्ट.

मराठीनेही तो सोडला नाही. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली काढलेला ‘पाठलाग’, आणि त्यावरून गुरुदत्त यांचे एकेकाळचे सहायक राज खोसला यांनी १९६६ साली केलेला ‘मेरा साया’, या दोहोंत पत्नीच गुन्हेगार असेल काय हा जीवघेणा प्रश्न न्यायालयापुढे येतो, आणि हुबेहूब तिच्यासारख्या दिसणाऱ्या बहिणीकडे बोट दाखवून तो मिटवला जातो. पाप पित्याच्या, नाही तर जुळ्या बहिणीच्या माथी मारले की घर शुद्ध राहते. ही सोय रंजनाला पुरते, परंतु ज्या समाजाला आपल्या वाट्याच्या अपराधाचा विचार करण्याची निकड असते, त्याला ती त्या विचारापासून दूर नेते. ‘बाजी’ पाहून होणारी निराशा म्हणूनच केवळ रसिकाची नाही, नागरिकाचीही आहे.