चावीचं घड्याळ

आजोबांच्या काळातलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ बंद पडलंय? भंगारात देऊ नका, आणि आतलं यंत्र काढून सेलचं मशीनही बसवू नका. बहुतेकदा दुखणं एवढंच असतं, की जुनं तेल घट्ट होऊन चाकांच्या आसांच्या भोकांत काळं साचलेलं असतं. जाणता कारागीर सगळं सुटं करतो, धुतो, झिजलेल्या भोकांत पितळी बुश बसवतो आणि सुईच्या टोकाएवढंच तेल देतो. लाकडाला मात्र चकचकीत पॉलिश नको. हातांच्या खुणा राहू द्या. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६५६ साली लंबकाचं घड्याळ घडवलं. तत्त्व आजही तेच. घड्याळ मागे पडलं, तर खालचा स्क्रू फिरवून लंबकाचा गोळा किंचित वर घ्यायचा. आठवड्याची चावी नातवाला द्यायला सांगा, स्टुलावर उभं करून.