खेळ आणि कला

गेल्या दिवाळींत साताऱ्यास एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां तेथें आजोबा व नातू यांच्यांत वाद जुंपला होता. पडद्यावरील खेळांत मग्न झालेला नातू म्हणे, "आजोबा, ही कला आहे." आजोबा म्हणत, "हा वेळेचा अपव्यय आहे." निवाडा आमच्यावर आला. तेव्हां आम्हीं तो टाळला. येथें तो देण्याचा यत्न करितों.

आजोबांचा आक्षेप विचारार्ह होता. चित्रकार चित्र पुरें करितो व मग आपण तें पाहतों. व्हिडिओ गेममध्यें मात्र खेळणाराच पुढचें पाऊल ठरवितो. मग कलावंताचें असें त्यांत राहिलें काय? याचें उत्तर शेजारच्या सांगलीनें पूर्वींच देऊन ठेविलें आहे. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें तेथें 'सीतास्वयंवर' नाटक केलें. त्या नाटकांत पद्यें सूत्रधार गाई. पात्रांचीं भाषणें मात्र बहुधा समयस्फूर्त असत. म्हणून भावे नाटककार नव्हते, असें कोणी म्हणत नाहीं. चौकट रचणें आणि तिच्या आंत दुसऱ्यास मोकळीक देणें, हेंहि रचनाकाराचेंच काम होय.

नातवाच्या हातांतील 'राजी' हा खेळ पुण्यांतील मंडळींनीं रचिला व तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी मुलगी ही त्याची नायिका. कथेचे कांहीं भाग छायाबाहुल्यांच्या रीतीनें सांगितले आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें तर २०१२ सालींच चौदा खेळ आपल्या संग्रहांत घेतले. परंतु संग्रहालयाच्या शिक्क्यानें प्रश्न सुटत नाहीं.

आमच्या मतें कसोटी निराळी आहे. बुद्धिबळाचा डाव संपला कीं जय-पराजय आणि चातुर्याचा आनंद उरतो; कलाकृति संपली कीं माणसाविषयींची समज वाढलेली असते. ज्या खेळांत गुणांची हांव आणि पैसे काढण्याची युक्ति एवढेंच असेल, त्यानें कलेचें नांव पांघरूं नये. परंतु भावासाठीं निघालेल्या मुलीचें भय खेळणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत पोंचत असेल, तर तेथें कला आहे, असें मानावेंच लागेल.

तरीहि वेळेचा प्रश्न उरतोच. उत्तम नाटकें रोज रात्रीं पाहणाराहि संसार बुडवितो; कला हें कांहीं त्याचें समर्थन नव्हे. तेव्हां आजोबांनीं एकदां नातवाजवळ बसून तो खेळ अखेरपर्यंत पाहावा, आणि नातवानें ठरल्या वेळीं तो बंद करावा. वाद त्यानंतर खुशाल करावा.