दहा ओळींची परीक्षा

एका तालुक्याच्या गावी जुनं वाचनालय होतं. सभासदांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होती: क्रमांक, नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, आणि मधे स्वल्पविराम. तारीख ०५/०३/२०१९ अशी, दिवस आधी. त्यामुळे क्रमवारी लावली की सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र गोळा व्हायच्या. ग्रंथपालबाईंनी नव्या मदतनिसाला सांगितलं, "वर्ष पुढे घे. २०१९-०३-०५ असं कर."

पोरगा हुशार. एकेक ओळ हाताने बदलत बसणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याने ऑक (awk) या ओळी-ओळीने मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामला एकच आज्ञा दिली: ओळ स्वल्पविरामावर तोड, चौथा रकाना तारखेचा, त्याचे तुकडे उलटे जोड, चारही रकाने नव्या फाइलमध्ये लिही. आधी पहिल्या दहा ओळींवर चालवून पाहिलं. झकास! "शितावरून भाताची परीक्षा," म्हणत त्याने अख्खी यादी चालवली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम फत्ते.

बाई नवी फाइल खाली सरकवत गेल्या. मधेच एका सभासदाच्या तारखेच्या जागी दिसलं: "--शनिवार पेठ".

पत्त्यातच स्वल्पविराम होता. "घर क्र. ४" तिसऱ्या रकान्यात राहिलं, "शनिवार पेठ" चौथ्यात सरकली. खरी तारीख पाचव्यात गेली आणि गळून पडली. ऑकने तक्रार केली नाही. सांगितलं तेवढं केलं.

"पण मॅडम, दहाच्या दहा ओळी बरोबर होत्या!"

"अरे, भात एका पातेल्यात शिजतो, म्हणून एका शिताने कळतं. ही यादी किती वर्षं, किती हातांनी लिहिली आहे! आधी वेड्यावाकड्या ओळी काढ बघू."

मूळ फाइल शाबूत होती. त्याने ऑकला विचारलं: ज्या ओळीत बरोबर चार रकाने नाहीत, तेवढ्याच दाखव. पडदा भरून गेला. कुठे पत्त्यात दोन-दोन स्वल्पविराम, कुठे पत्ताच गाळलेला. तारीख मात्र प्रत्येक ओळीत शेवटीच. मग त्याने आज्ञेतला 'चौथा रकाना' काढून 'शेवटचा रकाना' घातला, आणि 'चारही रकाने'च्या जागी 'सगळे रकाने'. नव्या फाइलमध्ये शेवटी तारीख नसलेल्या ओळी ग्रेप (grep) या शोधणाऱ्या प्रोग्रामने शोधल्या. एकही निघाली नाही. तेव्हा कुठे त्याने बाईंना हाक मारली.

तात्पर्य: नियम लावण्याआधी, त्यात न बसणारे कोण ते शोधावं.