वचनाचा कागद आणि हातचा घास

नोटेस मोल कोठून येतें? कागदावर आंकडा छापल्यानें भाकर वाढत नाहीं. तरी त्या कागदावर सारा बाजार चालतो. १९४४ सालीं जर्मनींतील युद्धकैद्यांच्या एका छावणींत घडलेली गोष्ट या कामीं विचारांत घेण्याजोगी आहे. ती रॅडफर्ड नांवाच्या इंग्रज कैद्यानें पुढल्याच वर्षीं प्रसिद्ध केली.

तेथें पार्सलांतून येणाऱ्या सिगारेटी हेंच नाणें असे. मग कैद्यांच्या दुकानानें ‘बुली मार्क’ नांवाच्या नोटा काढिल्या. दुकानांत जितकें अन्न जमा, तितक्याच नोटा. एकहि अधिक नाहीं. आरंभीं एक नोट एका सिगारेटीबरोबर चाले. पुढें ऑगस्टांत पार्सलें निम्म्यावर आलीं. तेव्हां हातचें अन्न देऊन कागद घेण्यास लोक राजी होईनात, आणि नोट सिगारेटीच्या चार-पंचमांशावर, नंतर त्याहूनहि खालीं उतरली.

येथें लबाडी कोणींच केली नव्हती. मग दोष कोणाचा? आम्हांस वाटतें, कोणाचाच नाहीं. नोट म्हणजे दिलेलें वचन. तें खरें असलें तरी भुकेच्या दिवसांत घासाची जागा घेत नाहीं. यास्तव टंचाईंत वचन नाकारणाऱ्या शेजाऱ्यास आपण अविश्वासू म्हणूं नये. आणि भुकेल्यास केवळ वचन देऊन आपलें कर्तव्य पुरें झालें, असेंहि समजूं नये.